उकडलेली कवळी

धान वाळला की नाही, हे आमच्याकडे दात सांगतात. खळ्यावरचा एक दाणा उचलायचा, दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्ट वाजला तर पोती आणा. मुकाट्यानं दबला तर अजून ऊन दाखवा. गोंदियाच्या राइस मिलांमध्ये आता ओल मोजायचं मशीन आलं आहे, पण ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी मशीनवर एकदम विश्वास ठेवत नाही. तो आधी दाणा चावतो आणि मग मशीन खरं बोलून राहिलं की खोटं, ते ठरवतो.

अशाच एका मिलच्या फाटकावर मी बसतो. पोत्याच्या पोटात परखी खुपसून मूठभर धान बाहेर काढायचा, तो पाहायचा आणि आत पाठवायचा की नाही ते सांगायचं, हे माझं काम. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार पन्हळ. पोतं न उसवता आतला माल दाखवते. आता माझी गंमत पाहा. अर्धं आयुष्य धान पारखण्यात गेलं आणि त्यातला एकही दाणा मी चावला नव्हता. चावायला तोंडात काही नव्हतं. वरच्या हिरडीत दोन दात, पेन्सिलीला टोक काढावं तसे निमुळते. खालचा मजला पूर्ण रिकामा.

हे दात पडले नव्हते. ते आलेच नव्हते. हा फरक लोकांना समजावता समजावता मी म्हातारा होत आलो. लहानपणी बरोबरीची पोरं दुधाचा दात पडला की कौलांवर फेकत. माझा पडेना, कारण तो आधी यायला पाहिजे होता. पोरांत आपण मागं राहू नये म्हणून मी भोपळ्याची बी फेकली. पावसाळ्यात कौलांवर वेल चढला. दात आला नाही, पण भाजी झाली.

दात नव्हते, डोक्यावर केस विरळ, आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट: मला घाम येत नाही. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घाम न येणारा माणूस म्हणजे झाकण लावलेला कुकर. मे महिन्यात मी गावच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, गळ्यापर्यंत बसत असे. शेजारी म्हशी असत. त्यांनाही घामाचा तसाच त्रास. आमचं चांगलं जमत असे; त्या मला दात दाखव म्हणून कधी म्हणाल्या नाहीत. आजही आमच्या कुडवा गावाहून मिलमध्ये स्कूटरनं जाताना मी शर्ट ओला करूनच घालतो. वाळेपर्यंत मिल येते.

माझ्या आईचा भाऊ असाच होता. तेच पातळ केस, तेच आत गेलेले ओठ. भाचा मामावर गेला असं कौतुकानं म्हणायची पद्धत आहे; आमच्या घरी ते आवाज खाली घेऊन म्हणत. आईनं पोटुशी असताना ग्रहणात वांगी चिरली, असा तिच्यावर आरोप होता. तिनं तो मान्यही केला होता, बिचारीनं. मामाच्या वेळी कोणी काय चिरलं होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

लग्न जमवायची वेळ आली तेव्हा मला ताकीद होती: तोंड उघडायचं नाही. मुलीकडचे आले. त्यांनी विचारलं त्याला मी मान हलवली, नाही विचारलं त्यालाही हलवली. खालच्या मानेनं चहा प्यालो. परत जाताना सासरे म्हणाले, पोरगा मोठा गंभीर दिसतो. बायको अजून ते विसरलेली नाही. पाहुणे आले आणि मी बोलायला लागलो की ती आतून म्हणते, "मले वाटलं होतं मानूस इचारी आहे. मंग समजलं, दात नव्हते म्हणून चूप होता."

चूप राहायचं कारण एकदा संपलं आणि मी जो बोलायला लागलो तो थांबलोच नाही. दात नसलेल्या माणसाला दोनच रस्ते असतात. लोक हसायच्या आधी आपण हसायचं, किंवा घरात बसायचं. घरात बसायचा मला कंटाळा. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि त्या दिवशी दंडार होते. उघड्यावर, दिवसाढवळ्या, ढोलकीच्या तालावर नाच, गाणी आणि मधे मधे सोंगं. त्यातली खाष्ट सासू मी मिसरूड फुटायच्या वयापासून करतो. लुगडं नेसायचं, गाल आत ओढायचे, बस. रंग लावायची गरज नाही. देवानंच मेकअप करून पाठवला होता.

आणि मग मला मुलगी झाली.

मुलीबद्दल लिहिताना मला नियम पाळावे लागतात. हे पान तिनं वाचलं आहे. आधीच्या तोंडाबद्दल काय लिहायचं ते लिहा, म्हणाली, नव्या दातांबद्दल एकच ओळ. ती ओळ मी राखून ठेवली आहे.

आधीचं असं. तिला दात होते, पण थोडे. समोरचे दोन माझ्यासारखे निमुळते, बाकीचे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, नीट न झालेल्या बांधीतल्या रोपांसारखे दूर-दूर. दाढा मात्र मजबूत. केस बरे, घामही थोडाफार येई. शाळेत जायला लागली तसा हसताना तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जायला लागला. तिचं हसू मला तळहाताच्या मागूनच माहीत होतं. दार लावलेल्या खोलीत कोणी हसावं तसं.

घरच्या धानाची परीक्षा तीच करी. मी दाणा तिच्या हातावर ठेवायचा, तिनं दाढेखाली घ्यायचा. "एक ऊन अजून," ती सांगायची, किंवा "भरा." मी तिला माझी दाढ म्हणत असे. ती त्यावर हसत असे, हाताआडून. मला वाटे, बाप-लेकीचं काय छान चाललं आहे.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी आम्ही नागपूरच्या एका डेंटल कॉलेजात गेलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी, शांत, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहणारी. तिनं मुलीला तपासलं, मग न विचारता मलाही खुर्चीवर बसवलं. आमच्या घरात आईच्या हाताची वांगी जी शिक्षा भोगत होती ती तिनं पहिल्या तासाभरात रद्द केली. हे रक्तातून येतं, म्हणाली. आईला स्वतःला फार होत नाही, पण तिच्याकडून मुलाकडे येऊ शकतं. आणि असा मुलगा बाप झाला की त्याच्या प्रत्येक मुलीकडे ते थोडंफार जातं. ग्रहणाचा संबंध नाही. आई तेव्हा हयात नव्हती. तिला हे सांगायला मला फार आवडलं असतं.

मुलीचं आता योग्य वय झालं आहे, जबड्याची वाढ पुरी झाली, असं डॉक्टर म्हणाली. जिथं दात उगवलेच नाहीत तिथं हाड बारीक राहतं, ते आणखी झिजायच्या आत काम झालेलं बरं. निमुळते दात भरून नीट आकाराचे करायचे. रिकाम्या जागी हाडात स्क्रू रोवायचे, हाडानं ते धरले की त्यावर दात. तोवर काढता-घालता येणारे. माझं प्रकरण सोपं होतं. हाड सुरीच्या धारेसारखं उरलेलं, त्यामुळं वरचे दोन दात तसेच ठेवून त्यांवर कवळी आणि खाली कवळी.

मुलगी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसली होती. मी म्हटलं, "आधी माझं करा. पोरीला दाखवतो, काही होत नाही."

बाप म्हणून आयुष्यात काढलेलं हे माझं सर्वांत चांगलं वाक्य. त्याचं पुढं मी काय केलं ते आता सांगतो.

माप घ्यायला गुलाबी पीठ भिजवून तोंडात कोंबतात. नाकानं श्वास घ्या, असं मला सांगितलं होतं. मी तेवढ्यात एक गोष्ट सांगायला तोंड हलवलं. ते माप बिघडलं. दुसऱ्या वेळी गप्प बसलो. मग मेणात बसवलेले दात घालून पाहिले, मग रंग निवडायची वेळ आली. डॉक्टरनं एक पट्टी काढली, तिच्यावर पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत दात ओळीनं लावलेले. माझं बोट थेट सर्वांत पांढऱ्यावर गेलं. आयुष्यात पहिल्यांदा दात मिळत होते, ते लोकांना रस्त्याच्या पलीकडून दिसायला नकोत?

डॉक्टरनं पट्टी तशीच धरली. मुलगी बोलली. "बाबा, हा अरवा आहे. उष्ण्याचा रंग घ्या."

हे डॉक्टरला समजावून सांगावं लागलं. कच्चा धान भरडून काढलेला पांढराफेक तांदूळ तो अरवा. धान आधी भिजवून, वाफेवर उकडून, वाळवून मग भरडला की उष्णा. त्याला जरा पिवळसर झाक असते. डॉक्टरनं माझ्या चेहऱ्याशी पट्टी धरली आणि म्हणाली, मुलीचं बरोबर आहे. उष्णा ठरला.

कवळी आली. आरशात पाहिलं तर एक प्रतिष्ठित माणूस माझ्याकडे संशयानं पाहत होता. पहिले दिवस हाल झाले. तोंडात कोणाची तरी चप्पल ठेवल्यासारखं वाटे. स म्हटला की शिटी वाजे. मिलच्या फाटकावर ट्रकवाले "शेठ" म्हणायला लागले, कारण मी बोलणं कमी केलं होतं. मुलगी रोज संध्याकाळी मला पेपर मोठ्यानं वाचायला लावी आणि समोर बसून लक्ष देऊन ऐके. तेव्हा मला वाटलं ती मला शिकवते आहे. ती स्वतःसाठी पाहत होती, हे आता कळतं.

डॉक्टरनं सांगितलं होतं: रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, मऊ ब्रशनं धुवा, गरम पाणी अजिबात लावू नका. दर वाक्याला मी मान हलवली होती. मान हलवण्याचा सराव लग्नाच्या वेळचा.

पण मी मिलमधला माणूस. अरवा भरडताना त्याचा तुकडा पडतो, कणी निघते. तोच धान उकडला की दाणा चिवट होतो, भरडताना मोडत नाही, वर्षभर टिकतो, किडत नाही. हे मी काल-परवा ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर रोज चाललेलं आहे. इकडं माझ्या खालच्या कवळीला भाकरीच्या काठानं एक बारीक चीर पडलेली. मी विचार केला, ही कच्ची राहिली. रंग उष्ण्याचा घेतला, पण उकडली कोणी? नागपूरच्या माणसांना उकडण्यातलं काय कळतं. गरम पाणी नको, असं म्हणणारा माणूस राइस मिलमध्ये आलेला नसतो.

बायको माहेरी गेलेली, मुलगी कॉलेजात. दोन्ही कवळ्या आधी भिजवल्या, पद्धतशीर, धान भिजवतात तशा. मग गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी चढवलं, वर चाळणी, चाळणीत कवळ्या, वर झाकण. चांगली वाफ दिली. झाकण काढलं, सुपात घेऊन ओसरीवर वाळत घातल्या. कावळे येतील म्हणून राखणही केली.

वाळल्यावर तोंडात घालायला गेलो तर वरची बसेना. खालची बसली, पण आपल्या मर्जीनं, एका बाजूला. दोघींनी अंग आकसून घेतलं होतं, उन्हात पडलेल्या पापडासारखं. टेबलावर ठेवल्या तर डुलायला लागल्या. बायको आली, तिनं गंज पाहिला, सूप पाहिलं, मला पाहिलं. "काय उकडलं?" म्हणाली. मी दाखवलं. ती ओसरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुलगी हसली नाही. तिनं वरची कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि जागेवर ठेवून दिली.

शहाणा माणूस वाकडी कवळी डॉक्टरकडे नेतो. मी ती मंडईत नेली.

तुम्हीच सांगा, असा किस्सा हातात आल्यावर कोण सोडेल? त्या वर्षी सासूच्या सोंगात मी नवीन भाग घातला. सासू सुनेला सांगते, तुझ्या हातचा भात कच्चा, माझे दात पाहा कसे उकडून पक्के केले. मग कमरेतून कवळी काढायची, तोंडात घालायची, ती उडून बाहेर यायची आणि पदरात झेलायची. लोक आडवे झाले. ढोलकीवाल्याचा ठेका चुकला. मी पुन्हा करून दाखवलं, अजून मोठ्यानं. समोरचे लोक हसता हसता माना वळवून बायकांच्या बाजूला पाहत होते. मला वाटलं, मागचेही हसून राहिले की नाही ते पाहत असतील. गोष्ट सांगणारा हसण्याचा आवाज ऐकतो, तोंडं कुठं वळली ते पाहत नाही.

त्या बाजूला माझी मुलगी मैत्रिणींबरोबर बसली होती.

पुढच्याच आठवड्यात तिची नागपूरची तारीख होती. सकाळी ती तयार झाली नाही. पोट दुखते, म्हणाली. दुसरी तारीख घेतली, तेव्हा कॉलेजात परीक्षा निघाली. तिसऱ्या वेळी कारणही सांगितलं नाही. डॉक्टरचा फोन आला की झिजत चाललेल्या हाडाचं ती पुन्हा सांगे, आणि मी पुन्हा मान हलवी, फोनवर. पोरगी सुईला भिते, असा मी निष्कर्ष काढला आणि तिला धीर यावा म्हणून सुयांचे विनोद सुरू केले.

बायको एकदाच बोलली. "तिले हसवू नका. तिले इचारा."

मळणी झाली होती. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान अंगणात पसरलेला, मुलगी पायानं ओळी ओढत तो उलटवत होती. मी एक दाणा उचलून तिच्या हातावर ठेवला, नेहमीसारखा. तिनं तो चावला नाही. मुठीत धरून राहिली.

मी म्हटलं, "सुईले भेतेस का?"

"नाही."

"मंग काऊन जात नाहीस?"

ती पायानं धान ओढत राहिली. मग म्हणाली, "मंडईत तुम्ही कवळी काढली न बाबा, तवा लोक तुमाले पाहून हासले. अन् मंग माझ्याकडे पाह्यलं."

"कोनं पाह्यलं?"

"साऱ्यायनं. एक बाई माझ्या मैत्रिणीले इचारे, इचेबी उकडून आहेत का म्हणून."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं होतं, त्या बाईची जन्मभराची खोड मोडली असती. मी ते गिळलं. दात नसताना गिळणं सोपं असतं असं लोकांना वाटतं.

"तुम्ही आपल्या तोंडावर हासता," ती म्हणाली, "तुमाले वाटते आपलंच तोंड आहे, काहीबी करा. पण हे तोंड तुमच्या एकट्याचं कुठं आहे? माझंबी हेच आहे. मी दात लावीन त पुढच्या मंडईत तेबी येतील."

"नाही येणार."

"तुमच्यानं होनार नाही, बाबा." रागानं नाही म्हणाली. बैल आहे म्हणून शिंगं आहेत, अशा आवाजात म्हणाली.

मला तेव्हा मामा आठवला. मामा कधी हसला नाही, कधी कुठं गेला नाही, लग्नकार्यातही मागच्या अंगणात बसायचा. त्याच्यासारखं व्हायचं नाही, म्हणून मी बोलका झालो होतो. लोक दगड मारतात त्याआधी आपणच घागर फोडून टाकावी, तसा. घागरीत आणखी कोणाचं पाणी आहे, हे मला दिसलं नव्हतं. मामालाही कदाचित माझं हसणं ऐकून मागचं अंगणच बरं वाटलं असेल.

मी विचारलं, "मंग मी काय करू?"

तिनं जरा विचार केला. "पहिले तुमची नवी करून आना. अन् कोनाले सांगू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं मूठ उघडली, दाणा दाढेखाली घेतला. "एक ऊन अजून," म्हणाली आणि कामाला लागली.

डॉक्टरपुढं मी वाकड्या कवळ्या ठेवल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "काय केलंत?" मी सांगितलं. "पण का?" मी म्हटलं, "कणी पडू नये म्हणून." तिनं तोंड फिरवून काहीतरी शोधल्यासारखं केलं, खांदे जरा हलले, आणि मग परत वळून पुन्हा गुलाबी पीठ भिजवायला सांगितलं. या वेळी माप पहिल्या फटक्यात आलं. मी बोललोच नाही.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण. कवळीमुळं नव्हे, न सांगण्यामुळं. दुसऱ्या कवळीनं परतीच्या गाडीत, मला शिंक आल्यावर काय केलं, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. फक्त एवढंच, की समोरच्या बाईच्या मांडीवर मुरमुऱ्यांचा कागद उघडा होता. मिलमध्ये लोक विचारत, "क्या भैया, नया माल? उबाला कि नहीं?" मी परखी पोत्यात खुपसून म्हणे, ओल जास्त आहे, गाडी बाजूला घ्या. लोकांना वाटलं मी आजारी आहे. एकानं घरी येऊन बायकोला विचारलंही.

मुलगी पाहत होती. पेपरवाचन पुन्हा सुरू झालं होतं. स ची शिटी हळूहळू बंद झाली. कधी बिरसीच्या विमानतळाकडून येणारं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं की मी वाचताना थांबत असे आणि ती म्हणे, "थांबू नका, त्याच्यावर आवाज काढा."

एके दिवशी वाचन संपल्यावर ती पेपर घडी करत म्हणाली, "शनिवारी मीबी येते."

मी उठलो. आत जाऊन बायकोला सांगितलं, तर तिनं मान हलवली फक्त. या घरात मान हलवणं आता उलट दिशेनं सुरू झालं होतं.

डॉक्टरनं रंगाची पट्टी तिच्यासमोर धरली तेव्हा मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं स्वतः निवडला. कुठला ते मी सांगणार नाही. हाडात स्क्रू बसवले आणि मग थांबायचं होतं. हाडानं ते धरेपर्यंत ओढाताण करायची नाही, वर वर सगळं जिथल्या तिथं दिसतं आणि काम आत चाललेलं असतं. रोवणी झाल्यावर बांधीत असंच असतं. चार दिवस रोप मलूल, मग एका सकाळी पाहावं तर उभं. रोवणीवरून मला किती विनोद सुचले, ते सगळे माझ्याजवळ शाबूत आहेत.

पुढची दिवाळी आली. दंडारीचा म्होरक्या, माझा लहानपणचा सोबती, घरी आला. माझ्या सासूच्या सोंगाला तो बुढी म्हणतो. "बुढी तूच न गा? का दात आले त शेठ झाला?"

मी मुलीला विचारलं. अंगणात सगळ्यांसमोर विचारलं. ती म्हणाली, "करा बुढी. पण दात तोंडातच राहू द्या."

म्हणून यंदा आमच्या मंडईत तोंडभर दातांची सासू उभी राहिली. लुगडं तेच, पण गाल आत जाईनात. बोलणं स्वच्छ, एक एक अक्षर ऐकू येणारं, मास्तरनं धडा वाचावा तसं. लोक वाट पाहत होते. आता काढील, मग काढील. मी काढली नाही. माझी नेहमीची हुकमी वाक्यं पडली, एकामागून एक, ओल्या फटाक्यांसारखी. पुढच्या रांगेत एक म्हातारा जांभई देत होता. इतकं वाईट सोंग मी जन्मात केलं नव्हतं. घाबरून मी सुनेला शिव्या द्यायच्या सोडून चुकून धानाची ओल विचारली, मिलमध्ये विचारतो तशी, आणि सुनेचं सोंग घेतलेला माझा मित्र गोंधळून म्हणाला, "सासूबाई, मशीन आना."

तेव्हा बायकांच्या बाजूनं कोणीतरी हसलं. एकटंच. मोठं, घोगरं, लांबलेलं हसू. कोणाचं ते मला ओळखू आलं नाही. गावातली सगळी हसू मला पाठ आहेत, माझा धंदाच तो. हे कोणाचं नव्हतं. मी वळून पाहिलं. माझ्या मुलीचे दोन्ही हात मांडीवर होते.

राखून ठेवलेली ओळ आता लिहितो. लांबून, गर्दीतून, मला ते दिसले.

मी तसाच उभा होतो. ढोलकी वाजत होती, माझी पाळी होती आणि मला पुढचा एक शब्द आठवत नव्हता. सून माझ्या पदराला हिसका देत होती. "बोल न वो बुढे," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "काऊन थांबली?"